घरभर एकसारखा आवाज: घरगुती समारंभासाठी खोल्याखोल्यांतून गाणी कशी लावावीत

कोल्हापुरात घरगुती समारंभ म्हटला की आवाजाची व्यवस्था बहुधा एका ठरलेल्या रीतीने होते. पुढच्या सोप्यात एक मोठा बॉक्स उभा केला जातो, गच्चीवर जेवणाऱ्या मंडळींनाही गाणे ऐकू जावे म्हणून त्याचा आवाज वाढवत नेला जातो, आणि मग त्या बॉक्ससमोर बसलेल्या वडीलधाऱ्यांना शेजारच्या माणसाशी बोलायचे तरी कानाशी तोंड न्यावे लागते. एवढे करूनही गच्चीवर पोहोचते ती केवळ धडधड; शब्द आणि वरचे सूर भिंतीतच विरतात, कारण जाड भिंत खर्जाला फारशी अडवत नाही, पण वरच्या पट्टीतील आवाज मात्र शोषून किंवा परतवून टाकते.

हा दोष बॉक्सच्या ताकदीचा नाही, तर एकाच जागेवरून सगळ्यांना ऐकवण्याच्या कल्पनेचा आहे. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे बॉक्सपासून १६ मीटरवर ७० डेसिबल हवे असतील, तर एका मीटरवर ९४ डेसिबल सोडावे लागतात, आणि ते सोसणारी माणसे आपलीच असतात. त्याऐवजी प्रत्येक खोलीत एकेक लहान स्पीकर ठेवून तो हळू वाजवला, तर घरात कुठेही गेले तरी तेच गाणे तेवढ्याच आवाजात सोबत राहते, गप्पाही चालू राहतात आणि शेजारच्या घरात परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलालाही त्रास होत नाही. मिरवणुकीतील डॉल्बीच्या भिंतींची सवय झालेल्या आपल्या गावाला हे पचायला थोडे जड जाते, हे मला ठाऊक आहे. पण घरातील समारंभाचा आवाज हा घराच्याच मापाचा असावा, असे माझे ठाम मत आहे.

पुढील माहिती वडिलांच्या एकसष्टीच्या वेळी शिवाजी पेठेतील आमच्या जुन्या घरात केलेल्या मांडणीवर आधारलेली आहे. समोर सोपा, मग माजघर, बाजूला स्वयंपाकघर, मागे परसू, वर माडी आणि नंतर बांधलेली सिमेंटची गच्ची, असे ते घर आहे. राजारामपुरीतील बंगल्यात किंवा रुईकर कॉलनीतील फ्लॅटमध्ये अंतरे आणि भिंती बदलतील, तत्त्वे तीच राहतील.

आधी घर फिरून पाहावे

वही-पेन्सिल आणि मोजपट्टी घेऊन घरभर एक फेरी मारावी. कोणत्या खोलीत किती माणसे, किती वेळ आणि कशासाठी बसणार आहेत, प्लगचा बोर्ड कुठे आहे आणि वायर भिंतीच्या कडेने फिरवून नेल्यास किती मीटर लागेल, एवढ्या गोष्टी लिहून घ्याव्यात. सरळ अंतर मोजून वायर आणली की ती हमखास अपुरी पडते, कारण तिला दाराच्या चौकटीवरून चढून पुन्हा उतरावे लागते.

आमच्या घराचे तीन विभाग पडले. सोपा आणि माजघर हा गप्पांचा भाग, तिथे गाणे बोलण्याच्या पाठीमागे राहिले पाहिजे. स्वयंपाकघर आणि परसू हा कामाचा भाग, तिथे आवाज थोडा स्पष्ट हवा, कारण भांडी, मिक्सर आणि चुलीवर रटरटणारा रस्सा यांचा स्वतःचा आवाज असतो. गच्ची हा तरुण मंडळींचा भाग. दोन माणसे एका मीटरवरून साधे बोलतात तेव्हा आवाज साधारण ६० डेसिबल असतो. त्यामुळे गप्पांच्या खोलीत गाणे या पातळीच्या जरा खालीच ठेवावे आणि गच्चीवर ७५ ते ८० डेसिबलपर्यंत जावे. मोबाईलवरील आवाजमापक ॲप अचूक नसते, तरी एका खोलीची दुसरीशी तुलना करण्यास ते पुरते.

दुकानात गेल्यावर वॅटचे मोठमोठे आकडे सांगितले जातात, त्यांनी बिचकू नये. साध्या घरगुती स्पीकरची संवेदनशीलता ८७ डेसिबलच्या आसपास असते, म्हणजे एक वॅट दिला असता एका मीटरवर ८७ डेसिबल मिळतात. तीन मीटरवर उघड्या जागेत यातील साडेनऊ डेसिबल कमी होतात, खोलीत भिंती थोडे परत देतात. थोडक्यात, माजघर भरायला एका वॅटपेक्षाही कमी पुरते. ढोलकीची थाप किंवा हार्मोनियमचा अचानक उठाव न फाटता वाजावा म्हणून दहापट राखीव ताकद धरली, तरी ॲम्प्लिफायरचा २० ते ३० वॅटचा चॅनल, म्हणजे स्पीकरला जाणारी एक वाट, एका खोलीला भरपूर होतो. आणि वॅट दुप्पट केल्याने केवळ ३ डेसिबल वाढतात, हेही लक्षात ठेवावे.

सगळ्या अडचणींचे मूळ: वेळ

अनेक खोल्यांच्या मांडणीत आवाज कमी-जास्त होण्यापेक्षा मागे-पुढे होणे अधिक छळते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, म्हणजे एक मीटर कापायला त्याला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात. जर्मन अभ्यासक हेल्मुट हास यांनी १९४९ साली दाखवून दिले की एकच आवाज दोन ठिकाणांहून साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत कानावर आला, तर माणसाला तो एकच वाटतो आणि जो आधी आला त्या दिशेने आल्यासारखा भासतो. त्याहून फार अधिक अंतर पडले की प्रतिध्वनी ऐकू येऊ लागतो. म्हणून दहा मीटरच्या आतील दोन खोल्यांतले स्पीकर एकाच क्षणी वाजले, तर दारात उभ्या असलेल्या माणसालाही गाणे एकसंध ऐकू येते.

ब्लूटूथ इथेच दगा देते. फोनमधून निघालेले गाणे साध्या ब्लूटूथ स्पीकरमधून बाहेर पडायला १०० ते २५० मिलिसेकंद लागतात, आणि हा उशीर प्रत्येक कंपनीच्या, किंबहुना प्रत्येक मॉडेलच्या स्पीकरमध्ये वेगळा असतो. २०० मिलिसेकंदांचा फरक म्हणजे दुसरा स्पीकर जणू ६९ मीटर दूर, पुढच्या गल्लीत ठेवल्यासारखे होते. पहिल्या चाचणीच्या वेळी चुलतभावांनी तीन निरनिराळे ब्लूटूथ स्पीकर आणले आणि दोन फोनांवर एकाच वेळी बोट ठेवून गाणे सुरू केले. सोप्याच्या उंबऱ्यावर उभे राहिले की गाण्याचा प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येत होता आणि तबल्याचा ठेका तर ओळखूही येईना. एकाच कंपनीचे, आपसांत जोडले जाणारे स्पीकर असतील तर ते एकमेकांशी वेळ जुळवून घेतात, आणि एका मजल्यावरच्या दोन-तीन खोल्यांना ते चालतातही. मात्र ब्लूटूथची पोच सामान्यतः दहा मीटरची असते आणि आमच्यासारख्या दगडमातीच्या भिंतीत ती आणखी घटते. पूर्ण घरासाठी म्हणूनच वायर किंवा वायफाय हे दोनच खात्रीचे मार्ग आहेत.

वायरची मांडणी

वायरमध्ये उशीर होत नाही, हा तिचा मोठा गुण. एक ॲम्प्लिफायर माजघरात ठेवून तिथून खोल्याखोल्यांत वायर नेली की वेळेचा प्रश्नच मिटतो. इथे सांभाळायचा तो ओहमचा, म्हणजे स्पीकरच्या विद्युत रोधाचा हिशेब. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ॲम्पला ४ ओहम दिसतात, चार जोडले की २ ओहम. बहुतेक घरगुती ॲम्प ४ ओहमच्या खाली चालण्यासाठी बनवलेले नसतात. ते तापतात, मध्येच बंद पडतात आणि कधी कायमचे जळतात. चार स्पीकर लावायचेच असतील तर दोन-दोन एकापुढे एक जोडून त्या दोन जोड्या समांतर कराव्यात, म्हणजे पुन्हा ८ ओहम मिळतात. अशा जोडणीत चारही स्पीकर एकाच जातीचे असावेत, नाहीतर आवाज असमान वाटला जातो.

वायरची जाडी हा कंजुषी करण्याचा विषय नाही. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या लवचिक वायरचा रोध किलोमीटरला सुमारे १३ ओहम असतो. परसू २० मीटरवर असेल तर जाण्या-येण्याचे मिळून ४० मीटर होतात आणि अर्ध्या ओहमहून अधिक रोध वायरमध्येच बसतो. ८ ओहमच्या स्पीकरसाठी तो ५ टक्क्यांच्या, म्हणजे ०.४ ओहमच्या आत ठेवणे चांगले, त्यामुळे एवढ्या अंतराला अडीच चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी. जवळच्या खोल्यांना दीडची पुरते. ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर मिळते, तिचा रोध अधिक असतो.

प्रत्येक स्पीकरची लाल आणि काळी टोके त्याच क्रमाने जोडली गेली आहेत ना, हे तपासावे. एक स्पीकर उलटा जोडला गेला की दोन पडदे एकमेकांविरुद्ध हलतात आणि खर्ज गायब होतो. टोकांवर खूण नसेल तर स्पीकर ॲम्पपासून सोडवून त्याच्या टोकांना दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवावा. पडदा बाहेर उचलला गेला, तर सेलचे अधिक टोक ज्याला लागले तेच स्पीकरचे अधिक टोक.

घर फार मोठे असेल, म्हणजे अंगण, गोठा, माडी आणि गच्ची अशा सात-आठ जागा असतील, तर मंडपवाल्यांकडे असणारी १०० व्होल्टची लाइन भाड्याने आणणे अधिक सोयीचे ठरते. त्या ॲम्पला ४, ८, १६ ओहमच्या टोकांखेरीज ७० आणि १०० व्होल्टची टोकेही असतात. प्रत्येक स्पीकरवर लहान ट्रान्सफॉर्मर असल्याने एकाच वायरवर सगळे समांतर जोडता येतात, लांब वायरीत होणारी घट नगण्य राहते आणि ५ किंवा १० वॅटचा टप्पा निवडून प्रत्येक खोलीचा आवाज ठरवता येतो. सगळ्या टप्प्यांची बेरीज ॲम्पच्या ताकदीच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवावी. दोन गोष्टींबाबत मात्र अतिशय दक्ष राहावे: या टोकांना साधा ८ ओहमचा स्पीकर कधीही जोडू नये, आणि ॲम्प चालू असताना उघड्या वायरीला हात लावू नये, कारण त्या लाइनचा झटका बसतो.

एका फोनचा आवाज दोन-तीन ॲम्पना वाटायचा असेल तर एका बाहेर जाणाऱ्या टोकाला दोन फाटे काढलेले चालतात. परंतु दोन फोनांची टोके एका वायरीत एकत्र करणे चूक आहे, त्यासाठी आवाज एकत्र करणारा लहान ऑडिओ मिक्सरच हवा.

वायफायची मांडणी

ज्यांच्या घरी भिंतीवर खिळा मारायचीही मुभा नाही, त्यांनी वायफायकडे वळावे. क्रोमकास्ट अंगभूत असलेले स्पीकर गूगल होममध्ये गट करून, ॲलेक्साचे स्पीकर तिच्या ॲपमधून, तर ॲपलचे फोन वापरणाऱ्यांना एअरप्ले २ मधून एकाच वेळी अनेक खोल्यांत वाजवता येतात. या व्यवस्था प्रत्येक स्पीकरचे घड्याळ जुळवून घेतात, थोडे गाणे आधीच साठवून ठेवतात आणि ठरलेल्या क्षणी सगळीकडे एकत्र सोडतात. म्हणून बटण दाबल्यावर गाणे सुरू व्हायला एक-दोन सेकंद लागतात, त्यात बिघाड काही नसतो. एखादा स्पीकर तरीही मागे पडत असेल, तर गूगल होममध्ये त्याची वेळ पुढे-मागे करण्याची सोय आहे. थोडी खटपट आवडणाऱ्याने जुन्या ॲम्पना एकेक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) लावून स्नॅपकास्ट ही मोफत प्रणाली जरूर वापरून पाहावी.

वायफायचे खरे दुखणे भिंती हे आहे. आमचा राउटर माडीवर होता आणि सोप्यात गाणे दर दहा मिनिटांनी तुटत होते, कारण मध्ये दोन हात जाडीची भिंत होती. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असला तरी अशा भिंतीतून जात नाही, २.४ गिगाहर्ट्झचा जातो, पण तिथे आसपासच्या दहा घरांची गर्दी असते, म्हणून १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा चॅनल निवडावा. सर्वांत पक्का उपाय म्हणजे राउटरपासून खाली एक नेटवर्कची केबल सोडून माजघरात दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारे उपकरण, बसवणे; ही केबल १०० मीटरपर्यंत चालते, घरात तर वीस-पंचवीस मीटरच लागते. पाहुण्यांना वायफायचा पासवर्ड द्यायचाच असेल तर राउटरमधील वेगळे पाहुण्यांचे नाव (गेस्ट नेटवर्क) चालू करून तोच द्यावा. मात्र स्वतःचा फोन चुकून त्या नावावर राहिला, तर त्याला स्पीकर दिसणारच नाहीत, कारण ते नाव मुद्दाम वेगळे ठेवलेले असते. आमची अर्धी दुपार या एका गोष्टीत गेली.

वायर आणि वायफाय एकत्र वापरायचे असल्यास, वायरवरच्या ॲम्पलाही त्याच गटातील एखाद्या वायफाय उपकरणातून आवाज द्यावा. फोनमधून ॲम्पला सरळ वायर आणि बाकीच्यांना वायफाय, असे केले की वायरचा भाग सेकंदभर पुढे धावतो. आम्ही शेवटी हाच मेळ घातला: गच्ची आणि परसू वायरवर, बाकी वायफायवर, आणि दोन्हींचा उगम एकच.

स्पीकर कुठे ठेवावेत

कोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरचा खर्ज फुगतो आणि शहाबादी फरशी व कोऱ्या भिंती यांत तो घुमत राहतो. म्हणून तो कोपऱ्यापासून हातभर पुढे घ्यावा, खाली घडी घातलेली सतरंजी टाकावी आणि बसणाऱ्यांच्या कानापेक्षा जरा उंच, माना वर न करता पोहोचेल असा ठेवावा. लांबट सोप्यात एका टोकाला एक मोठा ठेवण्यापेक्षा दोन लहान ठेवणे केव्हाही चांगले. स्वयंपाकघरात तो वाफ आणि फोडणी यांपासून दूर, फळीवर असावा. गच्चीवर स्पीकरची तोंडे आतल्या बाजूला, जेवणाऱ्यांकडे आणि किंचित खाली वळवावीत. कठड्यावर ठेवून बाहेर तोंड केले की निम्मा आवाज गल्लीला जातो.

फोनच्या सुलभता विभागात मोनो आवाजाचा, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करण्याचा पर्याय असतो, तो आठवणीने चालू करावा. जुन्या ध्वनिमुद्रणांत गायक एका बाजूला आणि वाद्ये दुसऱ्या बाजूला असे बऱ्याचदा आढळते. डावा भाग सोप्यात आणि उजवा माजघरात गेला, तर एका खोलीत नुसता तबला आणि दुसऱ्या खोलीत नुसता गळा ऐकू येतो. नाट्यसंगीत मन लावून ऐकणाऱ्या आमच्या काकांनी ही चूक पहिल्या मिनिटात पकडली.

वीज, पाऊस आणि गुणगुण

स्पीकरमधून सतत ‘हूंऽऽ’ असा आवाज येत असेल तर तो ५० हर्ट्झच्या विजेचा असतो. फोनचा चार्जर, ऑडिओ मिक्सर आणि ॲम्प वेगवेगळ्या बोर्डांवर असले की त्यांच्या अर्थिंगमध्ये फेरा तयार होतो. सगळी उपकरणे एकाच बोर्डावरून चालवावीत, तरीही गुणगुण राहिली तर आवाजाच्या वायरीत आयसोलेटर, म्हणजे हा फेरा तोडणारे छोटे उपकरण, बसवावा. अर्थिंगची पिन तोडून गुणगुण घालवण्याची युक्ती काही जण सांगतात, ती जिवावर बेतणारी आहे. लाइट गेल्यास राउटर परत उभा राहायला दोन-तीन मिनिटे घेतो, म्हणून तो आणि ॲम्प दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावेत; चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर ॲम्प गुरगुरतो, शुद्ध साइन लहरीचा असेल तर उत्तम. इंटरनेटही जाऊ शकते, तेव्हा गाणी आधीच उतरवून ठेवावीत.

जून ते सप्टेंबर या काळात गच्चीवर काही लावायचे असेल तर पत्र्याच्या शेडखालीच लावावे. आपल्याकडचा पाऊस सांगून येत नाही. वायरीचे जोड जमिनीपासून वर बांधावेत आणि गच्चीच्या बोर्डाला ३० मिलिॲम्पिअरचे आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच) असल्याची वायरमनकडून खात्री करून घ्यावी.

आदल्या दिवशीची चाचणी

प्रत्येक खोलीत एक माणूस उभा करून ठराविक ठेक्याचे टिकटिक वाजवावे आणि दोन खोल्यांमधील दारात उभे राहून ती एकच ऐकू येते का, ते पाहावे. टिकटिकीइतकी स्पष्ट परीक्षा कोणतेही गाणे देत नाही. मग समारंभात वाजणार त्याच गाण्यांवर खोल्यांचे आवाज जुळवावेत आणि प्रत्येक ॲम्पच्या बटणापाशी चिकटपट्टीने खूण करावी. माणसे भरल्यावर कपडे आणि शरीरे आवाज शोषतात, त्यामुळे रिकाम्या घरात किंचित जास्त वाटणारा आवाज प्रत्यक्षात नेमका बसतो. त्यापुढे मात्र वाढवू नये: आजूबाजूचा आवाज वाढला की माणसे नकळत मोठ्याने बोलू लागतात, त्याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात, आणि मग गाणे व गप्पा एकमेकांवर चढत जातात. तासाभराने सगळा कल्लोळ झालेला असतो. अशा वेळी आवाज दोन खुणांनी कमी केल्यास गप्पाही खाली येतात, हे आम्ही त्या संध्याकाळी दोनदा अनुभवले. आवाजाचे बटण एकाच जबाबदार माणसाकडे असावे.

शेजाऱ्यांना दोन दिवस आधी जाऊन सांगावे. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि खासगी जागेतील यंत्रणेमुळे त्या जागेच्या हद्दीवर ही मर्यादा ५ डेसिबलहून अधिक ओलांडली जाता कामा नये. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो. गच्चीवरचा भाग म्हणूनच पावणेदहाला उतरवायला घ्यावा, दहाच्या ठोक्याला नव्हे. आमच्या घरी तेव्हा वायरवरचे दोन्ही ॲम्प बंद झाले आणि माजघरातला एक वायफाय स्पीकर फक्त राहिला, कानाला जेमतेम लागेल इतका.

बंद करताना ॲम्प आधी आणि फोन किंवा ऑडिओ मिक्सर नंतर, असा क्रम ठेवावा. उलट केल्यास स्पीकरला धक्का बसून ठप्प असा आवाज होतो. सुरू करताना नेमके उलटे. वायरी हाताच्या कोपराभोवती पीळ देऊन गुंडाळू नयेत, सैल वेटोळी करावीत, प्रत्येकीवर खोलीचे नाव व लांबी लिहिलेली पट्टी तशीच राहू द्यावी आणि गुंडाळी पावसाळ्यात दमट होणाऱ्या माळ्यावर न ठेवता कपाटात ठेवावी. आमच्या गुंडाळीवर ‘परसू, २२ मीटर’ असे लिहिलेले आहे.